थंडीचं पोट

तक्त्यात तीस चौकोन होते. सतरांवर हिरवी खूण होती, पुढचे तीन कोरे होते, आणि सहाच्या गाडीनं नवरा अजीमोद्दीन लातूरहून येणार होता. रईसाची अडचण एवढीच. पण तिच्यापायी सकाळपासून तिला काही सुचत नव्हतं. दालच्यात मीठ घातलं की नाही, हे तिला तिसऱ्यांदा आठवेना. रोज्यात चाखून बघायची सोय नाही. घरात आज चाखू शकेल असं एकच माणूस होतं, आणि ते माणूस तर लपवायचं होतं.

ते माणूस, म्हणजे रईसाची बारा वर्षांची मुलगी नुजहत, दालनात तक्त्याखाली पाट टाकून बसलं होतं. पहारा देत.

तक्ता अजीमनं स्वतः आखला होता. चार वर्षांपूर्वी उस्मानाबाद तोडून लातूर वेगळा जिल्हा झाला, तेव्हापासून तो तिथं कलेक्टर कचेरीत, आणि पाऊस रुसल्यापासून टंचाईच्या टेबलावर. कुठल्या गावाला टँकरच्या किती खेपा ठरल्या, किती झाल्या, किती बुडाल्या, हे दिवसभर आखायचं. आठवडाभर तिथं राहायचं आणि शनिवारी उदगीरला यायचं. पोरीनं यंदा तीसच्या तीस रोजे ठेवायचं मनावर घेतलं, तेव्हा त्यानं खेपांच्याच एका छापील नमुन्याच्या पाठीवर तीस घरं पाडली, वर तिचं नाव उर्दूत आणि मराठीत घातलं आणि दालनात, आल्यागेल्याच्या नजरेत येईल असा टांगला. खुणेला पेन्सिल दिली हिरवी. कचेरीत हिरवी शाई साहेबाची. कारकुनानं हौस घरी भागवायची.

आणि आज विसाव्या रोज्याला त्यानं इफ्तारला दोन माणसं सांगितली होती. मशिदीतले हाफिजसाब आणि शेजारचे बसवराज, ज्यांच्या बोअरवर गल्ली पाणी भरत होती. तक्ता दाखवायचा होता, दुसरं काय?

"भाबी, सांगून टाका ना भाईंना," कांदा चिरता-चिरता तहसीन म्हणाली. ही धाकटी जाऊ. नांदेडला उर्दू शाळेत मास्तरीण, नवरा तिथंच मोंढ्यात. रमजानच्या सुट्टीत सासरी आलेली. "एक वाक्य लागतं."

"मग तू सांग."

"मी कशी? जेठ हायत माझे."

"बघ. वाक्य एकच हाय, पर म्हणायला तोंड न्हाई कुणाला."

कोपऱ्यात तसबीह ओढत बसलेल्या सासूबाई हुरमतबींनी मणी थांबवला. "कुणी काही सांगायचं न्हाई. तीन खुणा करायला कितीसा वेळ लागतो? बडी दुल्हन, पेन्सिल आण."

"ती करू देईना, अम्मा. पेन्सिल मुठीत धरून बसलीय. म्हणते, ठेवला न्हाई तो रोजा मांडणार न्हाई."

"बारा वर्षांची पोर, आणि आपल्याला मांडायचं शिकवून राहिली."

"बापाची पोर हाय," तहसीन म्हणाली आणि कांद्याच्या आडून हसली.

या घराची एक ख्याती होती. हुरमतबींचे मालक, कुतुबोद्दीन मास्तर, हयात असताना मशिदीच्या ओट्यावर बसून सांगायचे, "आमच्या घरात बाया तीसच्या तीस ठेवतात." ओट्यावरची माणसं माना डोलवायची. त्यातल्या प्रत्येकाच्या घरी बायको होती, लेकी होत्या, मसल्यांची, म्हणजे धर्मनियमांची, पुस्तकंही होती. आणि तरी एकाच्याही मनात वजाबाकी आली नाही. मास्तर गेले, वाक्य राहिलं. आता तेच वाक्य अजीम लातूरच्या कचेरीत सांगत होता, आणि रईसाला ठाऊक होतं की ते त्याला पगारवाढीहून प्यारं आहे.

"मी जाते तिच्याकडं," हुरमतबी गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "कोठीत बोलवा. काही खाल्लं का तिनं सकाळपासून?"

"नको म्हणते."

"का?"

"कोठीत गुदमरतं म्हणते."

*

कोठीत खरंच गुदमरत होतं. ज्वारीच्या दोन कणग्या; दोन साल पाऊस नव्हता म्हणून एक रिकामी. त्या रिकामीमागं, दार लोटून, नुजहतपुढं भाकरी, बेसन आणि पाण्याचा तांब्या ठेवलेला. मे महिना, वर पत्रा. या घरातली बाई गेली साठ-सत्तर वर्षं अशा दिवसांत इथंच जेवली होती, हे नुजहतला ठाऊक नव्हतं. तिला वाटत होतं, ही व्यवस्था खास तिच्यासाठी, शिक्षा म्हणून काढलीय.

"खा," हुरमतबी म्हणाल्या.

"अम्मा, अठरावा मी दुपारपर्यंत ठेवला होता. जोहरच्या वक्ताला कळलं मला. अर्धा धरत न्हाईत का?"

"न्हाई."

"पाव?"

"अगं रोजा हाय का बर्फी?"

नुजहतनं भाकरीचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही. "आणि नमाज? अम्मी म्हणाली, नमाजबी न्हाई."

"नमाज माफ."

"नंतर भरायची?"

"माफ म्हणजे माफ. भरायची न्हाई."

"आणि रोजे?"

"ते भरायचे. जितके बुडाले तितके. रमजान झाल्यावर, वर्षभरात कधीबी."

"असं का? एक माफ आणि एक भरायचं?"

हुरमतबींनी आयुष्यात हा प्रश्न कुणाला विचारला नव्हता आणि त्यांनाही कुणी विचारला नव्हता. त्यांनी दाराकडं पाहून हाक मारली. "छोटी दुल्हन! इकडं ये. हिला समजाव, तू शिकलेली हायस."

तहसीन कांद्याचे हात घेऊनच आली आणि दारात टेकली. "बघ, नमाजा रोजच्या पाच. दर महिन्याला आठवडाभराच्या भरायच्या म्हटलं, तर बाई भरतच राहील. रोजे वर्षातून एकदा. पाच-सात बुडतात, अकरा महिन्यांत सहज भरून निघतात. म्हणून जे जड, ते माफ. जे झेपतं, ते भरायचं. आम्हाला असंच शिकवलं."

नुजहतला हे पटलं. तिचा चेहरा उजळला. "म्हणजे अल्लाहनं बघूनच दिलंय सगळं. कुणाला किती झेपतं ते."

"हाव."

"मग ही सुट्टी त्यानंच दिली ना?"

"त्यानंच."

"मग आपण कुणापासून लपवून राहिलो?"

तहसीननं हुरमतबींकडं पाहिलं. हुरमतबींनी कणगीकडं.

"बाप-भावांच्या समोर बोलायची गोष्ट न्हाई ही," शेवटी हुरमतबी म्हणाल्या. "शरम म्हणून काही असतं."

"बोलायचं न्हाई, तर नको. मी कुठं बोलून राहिले? मी घर कोरं ठेवते म्हणते. तुम्ही म्हणता, खूण कर. बोलू नको ते वेगळं, खोटं मांड ते वेगळं." तिनं तांब्या उचलला, खाली ठेवला. मग एकदम, ज्या सुरात ती शाळेत गणिताच्या मास्तरांना शंका विचारायची त्या सुरात, तिनं विचारलं, "अम्मा, तुमचे तर दरसाल तीस. तुम्हाला हे आलंच न्हाई का कधी?"

तहसीनला हसू फुटलं. सहा लेकरं झालेल्या बाईला हा प्रश्न! हुरमतबींना मात्र हसू आलं नाही. त्या ज्वारीच्या कणगीला पाठ लावून खाली बसल्या. बसायला बराच वेळ घेतला त्यांनी, आणि त्या वेळात काहीतरी ठरवलं असावं.

"आलं तर. न यायला काय झालं?"

"मग?"

"मग काय. मी या घरात आले तेव्हा निजामाचं राज होतं. पंधरा वर्षांची होते. पहिलाच रमजान. सासू सगळ्यांसमोर म्हणाली, दुल्हन, या घरात बाया तीस ठेवतात. मी म्हटलं, जी. आता ती म्हणते तर तिला जमत असेल! मग मी सहेरीला सगळ्यांबरोबर उठायची, इफ्तारला सगळ्यांबरोबर खजूर तोंडात घालायची, आणि मधे या कणगीमागं. ती असायची शेजारी कुणाच्या घरी, नाहीतर नमाजला, तेवढ्यात."

"आणि भरले कधी?"

"थंडीत. पुसात. दिवस लहान, तहान न्हाई. भाकरी पुढं आली की म्हणायचं, पोट धरलंय. आठ-दहा दिवस पोट धरून ठेवायचं." त्या थांबल्या. "गंमत सांगू? सासूचंबी पोट थंडीतच धरायचं. मला वाटायचं, या घराच्या आडातच काही दोष हाय."

तहसीनचं हसू थांबलं. "म्हणजे त्यासुद्धा..."

"बावीस वर्षांनी कळलं मला. शेवटच्या दुखण्यात तिनं मला जवळ घेतलं आणि कानात म्हणाली, हुरमत, माझे चार राहिलेत गं. कुणाला बोलू नको, चार गरिबांना जेवू घाल. घातलं मी. मास्तरांनी विचारलं, हे कशाचं? म्हटलं, तुमच्या आईची मन्नत होती."

दारात काहीतरी वाजलं. रईसा उभी होती, हातात दालच्याची पळी. ती कधीपासून ऐकत होती कोण जाणे.

"अम्मा," ती म्हणाली, "माझं पोट चौऱ्याहत्तरच्या सालापासून थंडीत धरतं."

"माहीत हाय."

"माहीत हाय?"

"पहिली चार-पाच सालं आपण दोघी एकदमच धरत होतो. माझे बाळंतपणातले राहिले होते थोडे. मी तुला भाकरी वाढायची, तू म्हणायचीस पोट. तू मला वाढायचीस, मी म्हणायची पोट."

"आणि भाकरी?"

"भाकरी माझ्या गाईला!" परसातून आवाज आला. पाण्याची घागर देण्यासाठी आलेली शेजारची बसम्मा, बसवराजची बायको, मागच्या दारात उभी होती. या बाईला दुसऱ्याच्या घरातलं ऐकायला भिंत कधी आड आली नाही. "दर थंडीत तुमच्याकडून पदराखाली भाकऱ्या यायच्या, एक या हातून, एक त्या हातून. देवणी गाय, पुसात अशी चमकायची! मी कधी इचारलं न्हाई. म्हटलं, यांच्यात काही रिवाज असंल." तिनं घागर खाली ठेवली आणि कुतूहलानं आत डोकावली. "पर हुरमतबी, मला एक सांगा. हे विटाळ म्हणून ठेवत न्हाईत का? आमच्यात गळ्यात लिंग हाय, त्याला विटाळ लागत न्हाई म्हणतात. आम्ही पूजाबी करतो अन् चूलबी."

"चूल आमच्यातबी बंद न्हाई," हुरमतबी म्हणाल्या. "हातचं सगळे खातात. तेवढे दिवस नमाज-रोजाची परवानगी न्हाई, बस. त्या दिवसांत मुद्दाम ठेवलाच, तर तो रोजा होतच न्हाई. नुसती उपासमार."

"हे तुम्ही मला कधी सांगितलं?"

रईसाचा आवाज वेगळाच लागला होता. बसम्मानं घागरीवरचा हात काढून घेतला.

"सासरी आले ती पहिली दोन सालं मी सोडलेच न्हाईत. बाहत्तरचा दुष्काळ. कंबर मोडलेली, डोळ्यांपुढं अंधारी, आणि थेंब पाणी न्हाई. वाटायचं, अम्मांना जमतं, मलाच का जमू नये? माहेरी आई नव्हती माझी सांगायला. पुढं भावजयीनं सांगितलं की ते रोजे झालेच न्हाईत. ते सगळे परत ठेवले मी. आणि तुम्ही बघत होतात. कणगीमागून."

हुरमतबींनी तसबीहचे मणी मुठीत गोळा केले. माफी मागायची त्यांना सवय नव्हती. सासूपणात तो धडा येत नाही.

"मला वाटलं, तू आपसूक शिकशील," त्या म्हणाल्या. "मी तशीच शिकले."

"आणि आता हिला तसंच शिकवायला आलात ना?"

त्यावर हुरमतबींनी काही बोलायच्या आत पुढच्या दाराची कडी वाजली. गाडी आज वेळेवर आली होती.

*

अजीमोद्दीननं चप्पल काढायच्या आधी तक्ता पाहिला. दोन तास गाडीत, धुळीत, कोरड्या घशानं तो याच चौकोनांचा विचार करत आला होता. वीस हिरव्या खुणा एका खाली एक, दहा-दहाच्या ओळीत. दुसरी ओळ आज पुरी भरायची होती.

सतरा होत्या.

त्यानं पुन्हा मोजल्या. कारकून माणूस, पहिल्या बेरजेवर विश्वास ठेवत नाही. मग त्याचं लक्ष खाली गेलं. तिसाव्या घराच्या खाली, त्यानं न आखलेली एक नवी ओळ होती. पट्टी लावून, पेन्सिलीनं. तीन घरं पुरी आणि चौथ्याची एकच रेघ. पुढचं अजून ठरायचं असल्यासारखी.

"हे काय? तीन दिवस काय झालं?"

कोठीतून बायका घाईनं आल्या होत्या. नुकतंच आत काय-काय बोलणं झालं होतं. पण सवय त्याहून फार जुनी.

"ताप होता," रईसा म्हणाली.

"घसा," पडद्याआडून तहसीन म्हणाली.

"लू लागली पोरीला," हुरमतबी म्हणाल्या.

तिघी एकदम बोलल्या, आणि तिघी एकदम गप्प झाल्या. परसातून बसम्मा खोकली.

अजीमनं टोपी काढून खुंटीला लावली. "एका गावाची एकाच दिवशी तीन कारणं आली ना, की आम्ही तलाठ्याला समोर बोलावतो. नुजहत, इकडं ये. तू सांग."

नुजहत पुढं आली. पेन्सिल अजून मुठीत होती. रईसाला वाटलं, पोर आता ते एक वाक्य बोलते. अजीमला वाटत होतं, पोर रडेल, म्हणेल भूक लागली, आणि तो तिला माफ करेल. माफ करण्याची त्यानं अर्धीअधिक तयारीही केली होती. पाहुण्यांना काय सांगायचं, एवढाच प्रश्न उरत होता.

"अब्बा, मला ताप न्हाई," नुजहत म्हणाली. "हे तीन मी थंडीत ठेवणार हाय. कदाचित आणखी दोन-तीन बुडतील. तेबी थंडीत. म्हणून खाली जागा ठेवलीय."

"थंडीत?"

"अम्मांनी ठेवले तसे."

अजीम आईकडं वळला. हुरमतबी पदर सारखा करत होत्या.

थंडीत. या घरातली थंडी म्हणजे काय, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? थंडी म्हणजे अम्माचं पोट. तो नुजहतच्याच वयाचा होता. अम्मा दिवसचे दिवस काही खात नव्हती, आणि तो स्वतः किल्ल्याकडच्या हकिमांकडं धावत गेला होता, काढा घेऊन आला होता. अम्मा नको-नको म्हणत होती. तो पलंगावर चढून बसला, रडू लागला, म्हणाला, तू मरशील. वाटी तिच्या ओठांना लावली. अम्मानं त्याच्याकडं कितीतरी वेळ पाहिलं होतं आणि मग सगळा काढा पिऊन टाकला होता. भर दुपारी.

नोकरीला लागल्यावर त्यानं तिला हैदराबादला नेलं. मोठ्या डॉक्टरनं पोटाचा फोटो काढला, उजेडासमोर धरला आणि सांगितलं, पोटात काहीच नाही. डॉक्टर अगदी खरं बोलला होता.

लातूर जिल्ह्यातल्या कुठल्या वाडीला कितवी खेप बुडाली, हे अजीमोद्दीन झोपेतून उठवलं तरी सांगू शकत होता. रमजानचे दिवस तीस आणि महिना प्रत्येक बाईला, ही दोन आकड्यांची वजाबाकी चाळीस वर्षांत त्याच्याकडून झाली नव्हती. कोरं घर बघितल्याशिवाय ती करायची वेळच आली नसती.

त्याचे कान तापले. रईसाकडं बघायचं धाडस झालं नाही, म्हणून तो आईशीच बोलला, अगदी हळू. "अम्मा, मी काढा पाजला होता, तो दिवस..."

"परत ठेवला."

"आणि हैदराबादचा?"

"तोबी. तिथं तर मेल्यांनी चुन्यासारखं पांढरं काहीतरी गिलासभर पाजलं."

"सांगायचं होतं मला."

"तुला? तू बारा वर्षांचा होतास."

"मग अब्बांना."

हुरमतबींनी तक्त्याकडं पाहिलं. "ते ओट्यावर तीस सांगून यायचे आणि जेवायला बसायचे. इतक्या खुशीत असायचे की त्यातलं कमी कसं करायचं? एकदा गप्प राहिलं की दरसाल गप्प राहावं लागतं रे." मग रईसाकडं न बघता, पण तिला ऐकू जाईल असं, त्या म्हणाल्या, "दुसऱ्याची पोर घरात आली, तिच्याशीसुद्धा गप्प राहिले. ते बरोबर न्हाई केलं मी."

रईसानं पळी उगाच पदराला पुसली.

"अजीमभाई!" बाहेरून बसवराजची हाक आली. "हाफिजसाबबी माझ्यासंगच हायत. येऊ का?"

अजीमनं मुलीपुढं हात केला. नुजहतनं पेन्सिल दिली. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. तो तक्त्याजवळ गेला. पडद्याच्या फटीतून रईसा बघत होती. चौदा वर्षं तिनं या माणसाचं ते वाक्य ऐकलं होतं. आता तीन खुणा होतील, बाहेर वाहवा होईल, आणि उद्यापासून पोरगी गप्प राहायला शिकेल. आपण शिकलो तशीच.

त्यानं पेन्सिल खिशाला अडकवली आणि दार उघडायला गेला.

*

दालनात दस्तरखान पसरलं. खजूर, भिजवलेली चण्याची डाळ, भजी, सब्ज्याचं शरबत. पाणी बसवराजच्याच बोअरचं. तो मोठ्या संकोचानं ते "तुमचं शरबत" म्हणून बघत होता. बांगेला दहा-बारा मिनिटं होती. या मिनिटांत रोजेदार माणूस अन्नाकडं न बघता बोलायला विषय शोधतो, आणि हाफिजसाबांना विषय भिंतीवरच मिळाला.

"माशाल्लाह, हा बेटीचा तक्ता? किती झाले?"

पडद्याआड तिघी बायका आणि एक मुलगी.

"सतरा," अजीम म्हणाला.

बसवराज व्यापारी माणूस. "आज वीस ना?"

"आज वीस. तिचे सतरा." अजीमनं तक्त्याकडं बोट केलं. "सतराच्या सतरा पुरे ठेवलेत तिनं, आप्पा. या उन्हाळ्यात. उरलेले ती थंडीत ठेवणार हाय."

बसवराजनं "थंडीत का" म्हणायला तोंड उघडलं. मग त्याला बहुधा आपल्या घरातली माणसं आठवली, किंवा मागच्या दारात उभी असलेली बायको दिसली. त्यानं तोंड मिटलं आणि भज्यांच्या ताटलीवरची माशी हाकलली.

हाफिजसाब तक्त्याकडं बघतच होते. वय सत्तरीचं. मसला त्यांना पाठ होता, पोरांना शिकवायचे ते. पुस्तकात त्यांनी तो शंभरदा वाचला असेल, न अडखळता. पण खालची ती पट्टीनं आखलेली ओळ ते असं बघत होते की जणू पुस्तकातलं काहीतरी उठून भिंतीवर आलंय. हातातला खजूर त्यांनी या बोटांतून त्या बोटांत फिरवला.

"तुमच्याकडं थंडीत काय व्हायचं, अजीममियां?" त्यांनी विचारलं.

"पोट धरायचं."

म्हाताऱ्यानं खजूर ताटलीत परत ठेवला.

"आमच्याकडं डोकं दुखायचं," ते म्हणाले. "पूस-माघात. अम्मीचं, बहिणींचं. सगळ्यांचंच."

तेवढ्यात बांग झाली.

*

दुसऱ्या दिवशी रविवार. नळाची पाळी नव्हती, कचेरी नव्हती. भर दुपारी अजीमोद्दीन दालनात खुर्ची टाकून, ओला टॉवेल डोक्यावर घेऊन कालचं वर्तमानपत्र वाचत होता. आतून नुजहत आली. हातात भाकरीची ताटली, वर तांब्या. बापाला बघून ती ठेचकाळली, ताटली ओढणीखाली घेतली आणि कोठीकडं वळली.

"तिकडं कुठं?" तो म्हणाला.

"कोठीत."

"तिथं पत्रा तापतो."

ती उभीच राहिली. रोजेदारासमोर खाऊ नये, एवढी अदब तिला होती. आणि दालनाशिवाय वारा येईल अशी दुसरी जागा घरात नव्हती. अजीमनं क्षणभर विचार केला. मग तो उठला, खुर्ची उचलली, उलटी फिरवली आणि भिंतीकडं तोंड करून बसला. वर्तमानपत्र पुन्हा उघडलं. तोंडासमोर वीतभर अंतरावर भिंत; मोठी अक्षरंसुद्धा नीट लागत नव्हती.

"खिडकीपाशी बस," तो भिंतीला म्हणाला.

नुजहत खिडकीपाशी बसली. भाकरी खाल्ली, घटाघटा पाणी प्यायली. त्या आवाजानं अजीमचा घसा हलला. त्यानं पान उलटलं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात रईसा आणि हुरमतबी एकाच सुपातले खडे वेचत होत्या. काल रात्रीपासून दोघी एकमेकींशी तीनच शब्द बोलल्या होत्या. पण सूप एकच होतं.

"अब्बा," थोड्या वेळानं नुजहत म्हणाली. "आत्ताचा रोजा साडेचौदा तासांचा. मी काढलं. पुसातला बारा-सव्वाबाराचा. मधले सव्वादोन-अडीच तास राहतात. ते कुठं भरायचे?"

अजीमनं वर्तमानपत्र खाली केलं. प्रश्न नमुन्याबाहेरचा होता. "अम्मांना विचार."

"दिवसाला दिवस!" हुरमतबी उंबऱ्यातूनच ओरडल्या. "तो दिवस मोजतो, तास न्हाई मोजत. काय गं रईसा?"

रईसा या घरात आल्यापासून हुरमतबींनी तिला नावानं मारलेली ही पहिली हाक. रईसानं सुपातला एक खडा उचलला, बाहेर टाकला, आणि मान न वर करता म्हणाली, "माझे यंदा सहा, अम्मा."

भिंतीकडं तोंड केलेल्या माणसानं वर्तमानपत्र पुन्हा वर धरलं. ऐकलं त्यानं सगळं. पण वळून मात्र पाहिलं नाही.